घरबसल्या काम, स्वतःची टू-व्हीलर आवश्यक

मला आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी नोकरीचे सल्ले दिले त्या जवळपास सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "तुझ्यासाठी तर वर्क फ्रॉम होम बेस्ट आहे ना!" म्हणणारी माणसं चांगलीच असतात. मामेभाऊ, आत्याचे मिस्टर, बियाण्याची उधारी मागायला आलेला अमळनेरचा दुकानदारसुद्धा. आणि वरवर पाहिलं तर त्यात चूक काहीच नाही. मी व्हीलचेअरवर आहे, छातीच्या खाली काही कळत नाही, पण हात शाबूत, डोकं शाबूत (मायचं मत वेगळं आहे), लॅपटॉप आहे, गावात फायबर आलंय. मग अडतंय कुठं? प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी मूळचा फिल्डवरचा माणूस. एका बियाणं कंपनीत होतो, कपाशीच्या सीझनला सकाळी पारोळा तर दुपारी चोपडा, सगळं मोटरसायकलवर. २०१७ च्या पावसाळ्यात एरंडोल आणि पाळधीच्या मध्ये हायवेवर गाडी घसरली आणि मणका गेला. डॉक्टरांच्या भाषेत टी-फाइव्ह, म्हणजे छातीच्या भागातला पाचवा मणका. कंपनीची माणसं आधी दवाखान्यात येऊन गेली, फळं आणली, मग हळूहळू फोन उचलायची बंद झाली. गंमत अशी की त्याच वर्षी १९ एप्रिलला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाला होता. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस झाले. त्याचं कलम २० मी पडल्या पडल्या मोबाइलवर इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही, दुसऱ्या पदावर घ्या, पगार तोच ठेवा, पद नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवा. वाचून छाती भरून येते. पण ते सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगीसाठी काय, तर कलम ३५, ज्यात सरकारनं कंपन्यांना प्रोत्साहन द्यावं म्हणजे त्यांच्याकडं निदान पाच टक्के दिव्यांग कर्मचारी राहतील. प्रोत्साहन. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आणि खासगीत प्रोत्साहन, बियाणं कंपनी कुठल्या रकान्यात बसते ते सांगायला नको.

असो. पडून राहण्याचा काळ मी गाळतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, छत आणि पंखा.

काम शोधायला लागलो तेव्हा पहिले भेटले ते भामटे. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या दिव्यांगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही दर आठवड्याला कोणीतरी नवीन यात सापडतं. पद्धत ठरलेली असते. घरबसल्या डेटा एन्ट्री, इतके फॉर्म भरा, अमुक टक्के अचूकता पाहिजे, रजिस्ट्रेशनची थोडी फी. फोनवर मुलगी एकदम गोड बोलते. तुम्ही रात्रंदिवस बसून फॉर्म भरता, मग ते म्हणतात अचूकता कमी पडली, पैसे मिळणार नाहीत, उलट तुम्ही ॲग्रीमेंट मोडलं म्हणून वकिलाची नोटीस येते, कोर्टाचा शिक्का असल्यासारखं दिसणारं काहीतरी असतं, आणि घाबरून माणूस अजून पैसे भरतो. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा, व्हिडिओ लाइक करा पन्नास रुपये घ्या, पहिल्या दिवशी खरंच पैसे येतात, मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू, म्हणजे आधी तुम्ही पैसे भरा, मग जास्त परत मिळतील. आमच्या ग्रुपमधल्या एकाचे सगळे साठवलेले पैसे असेच गेले. पैसे गेले की ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करायचा असतो, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. घराबाहेर पडता न येणारा, हात-डोकं चालणारा, कमावण्यासाठी जीव टाकणारा माणूस ह्या लोकांना बरोबर सापडतो. खऱ्या कंपन्यांना मात्र सापडत नाही.

खऱ्या कंपन्यांचं सांगतो. आमचं अमळनेर म्हणजे विप्रोचं जन्मगाव, १९४५ साली वनस्पती तुपा-तेलाची कंपनी म्हणून इथंच सुरू झाली ती, पुढं आयटीत जाऊन जगभर पसरली, आणि जुने शेअर जपून ठेवलेल्या अमळनेरकरांच्या गोष्टी अजून पानाच्या टपरीवर चालतात. (आमच्या आबांनी त्या काळात शेअरऐवजी बैलजोडी घेतली होती. बैल चांगले होते म्हणतात.) म्हणजे कॉम्प्युटरचं काम हे काही आमच्याकडच्या लोकांना ऐकून माहीत नसलेलं नाही. फक्त ते काम करायला पुण्याला जायचं असतं हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी घरून काम शोधतोय म्हटल्यावर एक म्हातारे बापू डोळे बारीक करून म्हणाले, "घर बठीसन पगार भेटस तुले?" भेटत नव्हता, तोच तर प्रॉब्लेम.

आणि मग मार्च २०२० आला. सगळा देश घरी बसला आणि आठवडाभरात कळलं की जी कामं ‘ऑफिसलाच यावं लागेल, सिक्युरिटीचा प्रश्न आहे’ म्हणून आम्हाला नाकारली जात होती ती कामं लोक पलंगावर बसून, मागं पोरगं रडत असताना करतायत. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्यानं कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांवरचे नियम सैल केले, नोंदणी काढून टाकली, घरून काम करायला जे अडथळे होते ते हटवले. खरं सांगतो, त्या दिवसांत मला वाईट वाटण्यापेक्षा आशा जास्त वाटत होती, बाहेर माणसं मरत होती आणि मी इकडं रेझ्युमे नीट करत बसलो होतो. मला काम मिळालंही. एका कंपनीचं चॅट सपोर्ट. लिहून उत्तरं द्यायची, हिंदी, मराठी आणि थोडं इंग्रजी. मग हळूहळू ऑफिसं उघडली आणि ‘हायब्रिड’ नावाचा प्रकार आला. आठवड्यातून तीन दिवस पुण्यात. मी मेल केला की मी येऊ शकत नाही, कारण हे हे आहे, तर मॅडमचा फार सभ्य रिप्लाय आला की आम्ही तुमच्या परिस्थितीचा आदर करतो पण पॉलिसी सगळ्यांना सारखी आहे. एसटीत दिव्यांगांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पायऱ्या मात्र सगळ्यांना सारख्या. तसंच.

आता जाहिराती बघा कधी निवांत. ‘वर्क फ्रॉम होम’ असा फिल्टर लावला तरी खाली बारीक अक्षरात काय काय येतं. पहिले पंधरा दिवस ट्रेनिंग ऑफिसमध्ये. रोटेशनल शिफ्ट. लॅपटॉप स्वतः येऊन घेऊन जावा लागेल. एकदा तर मामेभावानं उत्साहानं पाठवलेल्या जाहिरातीत चक्क लिहिलं होतं, घरबसल्या काम, स्वतःची टू-व्हीलर आवश्यक. मी त्याला विचारलं, होम कुठलं रे यात? तो म्हणे कस्टमरचं असेल.

खासगी कंपनीलासुद्धा समान संधी धोरण करावं लागतं, त्याच दिव्यांग कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे ते. मी बऱ्याच कंपन्यांची ती धोरणं वाचलीत. पहिल्याच पानावर व्हीलचेअरवरचा गोरागोमटा हसरा मनुष्य असतो, हातात कॉफीचा मग. ‘रीझनेबल अकोमोडेशन’ म्हणजे त्या माणसाला काम करता यावं म्हणून जे वाजवी बदल लागतील ते करणं, हे शब्द सगळीकडं आहेत. पण ते मागायचं कोणाकडं, आणि कधी, हे काही लिहिलेलं नसतं. अर्जातच सांगितलं तर फोन येत नाही. इंटरव्ह्यूत सांगितलं तर समोरचा चेहरा एकदम गंभीर होतो, आवाज हळू होतो, आणि "तुम्ही खूप इन्स्पायरिंग आहात" असं म्हणाला की समजायचं गेलं काम. जॉइन झाल्यावर सांगितलं तर लपवलं म्हणतात. शिवाय रेझ्युमेत तो मधला रिकामा काळ आहेच, त्याबद्दल प्रश्न येतोच येतो, "गॅपमध्ये काय करत होतात?" बसायला शिकत होतो, हे उत्तर कुठल्या साच्यात बसत नाही.

बरं, काम मिळालं की सुटलो असंही नाही. खरी गोष्ट तिथून पुढं आहे.

मणक्याच्या माणसाला एकाच जागी एकसारखं बसून चालत नाही. खाली काही कळत नसल्यामुळं बूड दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच धोका, कारण सतत दाब पडला की रक्त पोचत नाही, कातडी मरते आणि जखम होते. बेडसोअर. एकदा झाली की महिनोन्‌महिने पालथं पडून राहायचं. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं नाहीतर पुढं टेबलावर वाकून मिनिट-दोन मिनिटं तसंच राहायचं. शिवाय दर चार-सहा तासांनी नळीनं लघवी काढायची, हात धुवा, नळी, परत हात धुवा, सगळं नीट, कारण इन्फेक्शन झालं की ताप आणि आठवडा गेला. हे सगळं मी लाज न बाळगता लिहितोय कारण नोकरीचा प्रश्न नेमका इथंच आहे, त्या हसऱ्या माणसाच्या फोटोत नाही.

कारण मधल्या एका कामात लॅपटॉपवर ट्रॅकर होता. असे बरेच असतात. किती वेळा कीबोर्ड दाबला, माउस किती हलला, मधूनच स्क्रीनचा फोटो, आणि थोडा वेळ काही हाललं नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा. मी टेबलावर वाकलो की ठिपका पिवळा. अंग उचललं, पिवळा. बाथरूमचं तर बोलायलाच नको. काम माझं इतरांपेक्षा कमी नव्हतं, तिकिटं (म्हणजे ग्राहकांचे आलेले प्रश्न) बरोबरीनं बंद करत होतो, तक्रार नव्हती, पण महिन्याच्या शीटवर ‘आयडल टाइम’ लाल रंगात. टीम लीडर चांगला पोरगा होता, इंदूरचा, तो म्हणाला "भैया, माउस थोडा हिलाते रहा करो." आणि मी खरंच तसं करायला लागलो. टेबलावर कपाळ टेकवून वाकलेला मी, डोळे मिटलेले, उजव्या हातात माउस, तो गोल गोल फिरवतोय. माय चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिला वाटलं मला झटका आला.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की हे लोक विकतात ती जागा आणि मला पाहिजे तो वेळ. घरून काम करू देतात ते घरी बसलेल्या धडधाकट माणसाला. आठ तास सलग बसू शकणारा, वाटलं तर उठून ऑफिसला जाऊ शकणारा, फक्त सध्या घरी असलेला. मला आठ तासांचं काम बारा तासांत तुकड्या-तुकड्यानं करता आलं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. जागा बदलायला कंपन्या तयार आहेत, त्यात त्यांचं भाडं वाचतं. घड्याळ बदलायला कोणी तयार नाही.

त्यात आमचा खान्देश. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो हे पेपरमध्ये दर वर्षी फोटोसकट येतं, रस्त्यावर अंड्याचं ऑम्लेट वगैरे. माझ्यासारख्याला त्यात वेगळीच अडचण असते, मणक्यावर इतक्या वर मार लागला की त्याच्या खालच्या अंगाला घामच येत नाही. घाम नाही म्हणजे अंग थंड होत नाही, बाहेर जेवढं तापतं तेवढं आतही चढत जातं. दुपारी एक ते पाच मी कूलरसमोर ओला पंचा मानेवर टाकून बसतो, हाताशी फवाऱ्याची बाटली, तीच कपाशीवर मारायची असते तसली. आणि लाइट गेली की कूलर बंद. इन्व्हर्टर पंखा ओढतो, कूलर ओढला तर तासाभरात मान टाकतो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतलाय, स्वस्त असतो आणि ज्यांना घरून काम करायचंय त्यांनी आधी तोच घ्यावा, लॅपटॉपच्या आधी म्हटलं तरी चालेल. आमचं घर गावठाण फिडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवर आहे म्हणून तरी बरं, मळ्यात राहणाऱ्यांकडं शेतीच्या फिडरची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. मेच्या शेवटी वादळ आलं की पोल आडवे, मग दोन-दोन दिवस काही नाही. बंगळुरूच्या मॅनेजरला हे सांगितलं की तो म्हणतो "प्लीज अरेंज अ बॅकअप लोकेशन." बॅकअप लोकेशन! माझं बॅकअप लोकेशन म्हणजे शेजारच्या नानांचा ओटा, त्याला तीन पायऱ्या.

गावाचं तर वेगळंच. घरी लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस म्हणजे सगळ्यांचा. पीएम किसानची केवायसी, पीक विमा, सातबारा काढून दे, २०२४ च्या जुलैमध्ये लाडक्या बहिणींचे फॉर्म आले तेव्हा ओट्यावर रांग लागायची. मी कॉलवर असलो तरी "भाऊ, तू ते घरच ऱ्हास ना, इतलं भरी दे." भरून देतो. आक्का लोक मग वाटीभर शेव, लोणचं, मेथीची जुडी आणून देतात. रोजगार म्हणून बघितलं तर सगळ्यात वेळेवर मिळणारा मोबदला हाच आहे.

पैशाचं एक त्रांगडं आहे ते बाहेरच्यांना बिलकूल माहीत नसतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला दीड हजार मिळायचे, २०२५ मध्ये ते अडीच हजार झाले. पण त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे, आणि ती एवढी खाली आहे की बारा-चौदा हजारांची नोकरी लागली की तुम्ही त्यातून बाहेर. बरोबरच आहे, कमावत्याला पेन्शन कशाला, असं कोणीही म्हणेल. पण ही कामं असतात तीन-तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. काम संपलं की परत तलाठ्याचा दाखला, तहसील, अर्ज, मीटिंगमध्ये मंजूर होईपर्यंत वाट. कायम मिळणारे अडीच हजार सोडून चौदा हजार तीन महिन्यांसाठी घ्यायचे का, हा हिशेब आमच्यातले लोक रात्री पडल्या पडल्या करतात आणि कित्येक जण काम घेत नाहीत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः हा हिशेब मांडून बघावा. आयकरातसुद्धा आमच्यासाठी तरतूद आहे हं, जास्त अपंगत्व असेल, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते यूडीआयडी कार्ड, निळं असेल, तर जुन्या पद्धतीत सव्वा लाखाची वजावट. वजावट तयार आहे, उत्पन्न तेवढं आणायचं बाकी आहे.

माझं काही नाही, धुळ्याकडचा माझा एक मित्र पूर्ण अंध आहे, त्याचं ऐकलं की मी गप्प होतो. तो एनव्हीडीएवर काम करतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं, फुकट मिळणारं स्क्रीन रीडर आहे ते, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध पोरांनीच बनवलेलं. टायपिंगचा स्पीड माझ्यापेक्षा जास्त. एका ऑनलाइन परीक्षेत कॅमेऱ्यावरच्या सॉफ्टवेअरनं त्याला बाद केलं कारण ‘उमेदवार स्क्रीनकडे बघत नाही’. पगाराचं खातं उघडायला गेला तर ॲप म्हणे डोळे मिचकावा, चेहरा गोलात आणा. गोल कुठाय ते त्याला कोण सांगणार? ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याच ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या प्रकरणात निकाल दिला, ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्या आणि अंध लोकांच्या याचिकांवर, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चाच भाग आहे. मित्रानं तो निकाल मला फोनवर वाचून दाखवला, मशीनच्या आवाजात, दुप्पट स्पीडनं, मला अर्धा कळलाच नाही. मग म्हणाला, आता ॲपवाल्यांनी वाचला पाहिजे.

सध्या मी सबटायटलचं काम करतोय. मशीननं मराठी ऐकून लिहिलेलं असतं, ते दुरुस्त करायचं. मशीन फार मजा करतं, ‘भरीत पार्टी’चं ‘भारत पार्टी’ करतं, आणि आमच्याकडचं कोणी बोललं की सरळ हात वर करतं. पैसे ऑडिओच्या मिनिटावर, मग ते मिनिट मी दुपारी करो की रात्री दोनला करो, बसून करो की पालथं पडून. पहाटे चारला उठून करतो मी उन्हाळ्यात, तेव्हा हवा बरी असते. पैसे कमी आहेत, पीएफ नाही, काम कधी येतं कधी आठवडाभर येत नाही, त्यामुळं हे सगळ्यांनी करावं असं मी बिलकूल म्हणणार नाही. पण ह्यात ठिपका नाही.

आणि आता इंटरव्ह्यूला प्रश्न मीच आधी विचारतो. तास मोजता की काम? ट्रॅकर आहे का? ट्रेनिंग ऑनलाइन होईल का, आणि हे लेखी द्याल का? निम्मे लोक तिथंच फोन ठेवतात, वेळ वाचतो दोघांचाही. मागच्या आठवड्यात एका कंपनीतल्या मॅडमनी मात्र फोन ठेवला नाही. म्हणाल्या, अहो ट्रॅकर सगळ्यांच्या मशीनवर असतो, तुमच्या एकट्याचा काढता येतो का ते आयटीला विचारावं लागेल, असं याआधी कोणी विचारलंच नाही. मी म्हटलं विचारा. दिव्यांग कायद्याच्या कलम २१ ची ओळ त्यांना मेल केली आहे, त्यांच्याच वेबसाइटवरच्या धोरणाच्या लिंकसकट. सोमवारी कळवते म्हणाल्यात. तोपर्यंत बेचाळीस मिनिटांची एक फाइल आलीय, कुठल्याशा गावच्या कीर्तनाची, आणि टाळ-मृदंगाखाली बुवा काय म्हणतायत ते मशीनला काय, मलाही अजून लागलेलं नाही.